यंत्र स्वतःहून हळू का होतं? वाफेच्या इंजिनापासून गेमिंग लॅपटॉपपर्यंत

(व्याख्यानाचे शब्दांकन. स्थळ : अष्टमी, ता. रोहा, जि. रायगड)



आजचा विषय थोडा विचित्र वाटेल. इतिहासाच्या व्याख्यानाला लोक शिवकाल ऐकायला येतात, फार तर कोरलईचा किल्ला आणि पोर्तुगीज. आज मात्र मी लॅपटॉपचा इतिहास सांगणार आहे, आणि त्यातही एकच धागा : उष्णतेचा.

विषय निवडण्यामागे कारण आहे. आपल्या भागातली मुलं इंजिनिअरिंगला जातात, कुणी लोणेऱ्याला, कुणी पनवेल-मुंबईला. कुणी ॲनिमेशन शिकतं, कुणी आर्किटेक्चर. कॉलेजात सांगतात की साधा लॅपटॉप चालणार नाही. मग घरचे पैसे जमवतात, हप्ते बांधतात आणि सत्तर-ऐंशी हजारांचा, कधी लाखाचा गेमिंग लॅपटॉप घरात येतो. सहा महिने तो पळतो. एप्रिल-मे उजाडतो आणि तेच मशीन दहा मिनिटं नीट चालून अडखळायला लागतं. पंखा विमानासारखा ओरडतो, गेम अडकत अडकत चालतो, रेंडर संपता संपत नाही. दुकानात नेलं तर कुणी म्हणतं मदरबोर्ड गेला, कुणी म्हणतं कोकणातली हवाच अशी. घरात भांडण होतं ते वेगळंच : "दिवसभर गेम खेळून बिघडवलास!"

या तिन्ही उत्तरांत खरं किती, ते आपण इतिहासाच्या अंगाने तपासू. थोडं गणितही करू. सोपं आहे, घाबरू नका.

गळा आवळणारी झडप

या प्रकाराला म्हणतात थ्रॉटलिंग. इंग्रजीत थ्रॉटल म्हणजे गळा, आणि गळा आवळणं हाही त्याचाच अर्थ. यंत्रांच्या दुनियेत हा शब्द वाफेच्या इंजिनाबरोबर रुळला. बॉयलरमधली वाफ इंजिनात जाते त्या नळीच्या गळ्याशी एक झडप असते, तिला थ्रॉटल म्हणत. झडप मिटली की वाफ कमी, वेग कमी. आपण मोटरसायकलला 'रेस देतो' तेव्हा हातात असतं तेही थ्रॉटलच.

सुरुवातीला ही झडप माणूस हाताने फिरवायचा. १७८८ साली जेम्स वॉटने आपल्या इंजिनावर गव्हर्नर बसवला. दोन लोखंडी गोळे इंजिनाबरोबर गरगर फिरतात. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात आणि त्यांना जोडलेली दांडी झडप मिटवते. वेग कमी झाला की गोळे खाली येतात, झडप उघडते. कल्पना पवनचक्क्यांमध्ये आधीपासून होती, वॉटने ती इंजिनाला लावली. आता यंत्र स्वतःच स्वतःकडे बघून स्वतःला आवरू लागलं. १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या मोठ्या शास्त्रज्ञाने या गव्हर्नरांवर गणिती निबंध लिहिला, आणि स्वयंनियंत्रणाच्या शास्त्राची एक मुळी तिथे सापडते.

हे फार लांबचं वाटत असेल तर आपल्या नदीकडे बघा. कुंडलिकेच्या वरच्या अंगाला भिरा आहे. मुळशीचं पाणी सह्याद्रीवरून खाली आणून टाटांनी तिथे १९२७ मध्ये वीजघर सुरू केलं. त्या धरणासाठी मुळशीच्या शेतकऱ्यांनी काय सोसलं, सेनापती बापटांनी कसा लढा दिला, तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. आजच्यापुरतं एवढंच, की पाण्यावर फिरणाऱ्या टर्बाइनलाही गव्हर्नर असतो. विजेची मागणी घटली आणि टर्बाइन जास्त वेगाने फिरू पाहू लागलं की तो पाणी आवरतो. आपल्या देशात विजेची वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास राहते ती अशा आवरण्यामुळे. टर्बाइन आवरलं म्हणून "वीजघर बिघडलं" असं कुणी म्हणत नाही.

लॅपटॉपमध्ये तत्त्व हेच आहे, राखायची गोष्ट तेवढी वेगळी. वॉटचा गव्हर्नर वेग राखतो. प्रोसेसरमधला गव्हर्नर तापमान राखतो, आणि त्यासाठी वेगाचा बळी देतो.

फुकटची तीस वर्षं

संगणक आणि उष्णता यांचं नातं पहिल्या दिवसापासूनचं. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या एनिॲकमध्ये सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि तो सुमारे १५० किलोवॅट वीज खायचा. ती सगळी शेवटी उष्णताच होते. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक उभा राहिला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याला हे नाव मिळालं. त्यातही सुमारे २,७०० ट्यूब होत्या. म्हणजे एक लहानसा दिवा हजारोंनी लावलेला. अशी यंत्रं गार ठेवणं हे संगणक बनवण्याइतकंच मोठं काम होतं.

मग ट्रान्झिस्टर आले, चिप आली. १९७१ मधल्या इंटेलच्या ४००४ या चिपमध्ये २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि तिचा वेग होता ७४० किलोहर्ट्झ. तिला पंखा लागत नव्हता. पुढे १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी एक फार महत्त्वाची गोष्ट मांडली. ट्रान्झिस्टर लहान करताना त्याच प्रमाणात व्होल्टेजही कमी केलं, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसतात, ते जास्त वेगाने चालतात, आणि तरीही प्रति चौरस सेंटिमीटर उष्णता वाढत नाही. ही जवळजवळ फुकटची चैन होती. संगणक दर दोन-तीन वर्षांनी दुप्पट होत गेला तो याच जोरावर.

पण चैन पूर्ण फुकट नव्हती. १९९३ मध्ये पेंटियम आला. पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांनी त्याच्या विकासाची धुरा सांभाळली होती. त्यात ३१ लाख ट्रान्झिस्टर, वेग ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ, आणि वीज साधारण १५ वॅट. आज पंधरा वॅट ऐकून हसू येतं, पण तेव्हा डेस्कटॉपच्या चिपवर पंखा लावावा लागणं ही नवलाई होती.

२००० च्या मार्चमध्ये १ गिगाहर्ट्झची शर्यत एएमडीने दोन दिवसांच्या फरकाने जिंकली. २००१ मध्ये २ गिगाहर्ट्झ, २००२ च्या अखेरीस ३. जाहिरातीत एकच आकडा : गिगाहर्ट्झ. आणि नेमकं याच काळात डेनार्डचं गणित अडखळलं. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली. व्होल्टेज एका व्होल्टच्या आसपास येऊन थबकलं. आता वेग वाढवायचा म्हणजे उष्णता वाढणारच.

भर खेळात कूलर काढला तर?

२००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने एक प्रयोग करून त्याची चित्रफीत दाखवली. संगणकावर क्वेक ३ हा गेम चालू होता, आणि चालू गेममध्येच प्रोसेसरवरचा हीटसिंक उचलून काढला. एएमडीचे दोन्ही प्रोसेसर क्षणात जळाले. इंटेलचा पेंटियम ३ जागच्या जागी थांबला, पण वाचला. पेंटियम ४ मात्र ना जळला, ना थांबला. गेम अगदी गोगलगायीसारखा चालू लागला. हीटसिंक परत ठेवल्यावर पुन्हा पूर्ण वेगात.

त्या चिपमध्ये तापमान मोजणारा भाग होता. मर्यादा ओलांडली की चिप स्वतःच्या घड्याळाचे काही ठोके गाळायची. ठोके कमी, काम कमी, उष्णता कमी. पुढच्या पिढ्यांत यात सुधारणा झाली : नुसते ठोके गाळण्याऐवजी वेग आणि व्होल्टेज दोन्ही खाली आणायचं. त्यानंतर अशी सोय सगळ्यांनाच करावी लागली.

तुमच्या घरातल्या लॅपटॉपचा गेम अडखळतो तेव्हा नेमकं हेच घडत असतं. तो मरत नसतो, मरण टाळत असतो. "मदरबोर्ड गेला" हे निदान ऐकून खिशात हात घालण्याआधी ही एक गोष्ट लक्षात ठेवा.

खोक्यावरचा आकडा

२००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत रद्द केला. वेगाची सरळ शर्यत तिथे संपली आणि एकाच चिपमध्ये दोन, चार, आठ कोअर बसवण्याचा मार्ग धरला गेला. २००८ मध्ये डेस्कटॉपच्या चिपमध्ये टर्बो बूस्ट आलं : चिप गार आहे तोवर जास्त वेगाने पळ, तापलीस की खाली ये.

इथे ग्राहकाच्या दृष्टीने फार मोठा बदल झाला, आणि तो नीट कुणी समजावून सांगितला नाही. पूर्वी ६६ मेगाहर्ट्झ लिहिलं की चिप दिवसभर ६६ वर चालायची. आकडा म्हणजे वचन होतं. आता आकडा म्हणजे कमाल मर्यादा झाला. २०२२ मध्ये आलेला कोअर आय७-१२७००एच घ्या, कितीतरी गेमिंग लॅपटॉपमध्ये तो आहे. जाहिरातीत ४.७ गिगाहर्ट्झ. मोठ्या कोअरचा मूळ वेग २.३ गिगाहर्ट्झ. मूळ वेगाला धरलेली वीज ४५ वॅट, टर्बोत ११५ वॅटपर्यंत. दोन आकड्यांमध्ये दुपटीचा फरक आहे, आणि त्या अंतरात तुमचं मशीन नेमकं कुठे टिकेल हे चिप ठरवत नाही. ते ठरतं लॅपटॉपच्या पंख्यावर, तांब्याच्या नळ्यांवर, धुळीवर, चार्जरवर आणि खोलीच्या हवेवर. म्हणून तीच चिप असलेले दोन लॅपटॉप निरनिराळ्या वेगाने चालतात. जाड, ओबडधोबड दिसणारा कधी कधी सुबक पातळ्याला मागे टाकतो.

त्या तांब्याच्या नळ्या, म्हणजे हीट पाइप, समजायला मोदकपात्र आठवा. खालचं पाणी उकळतं, वाफ वर जाते, झाकणाला लागून तिचं पाणी होतं आणि ते पुन्हा खाली येतं. हीट पाइप आतून पोकळ आणि बंद असतो. थोडासा द्रव चिपच्या टोकाला वाफ होतो, पंख्याच्या टोकाला थंड होऊन पुन्हा द्रव होतो आणि आतल्या बारीक जाळीतून परत येतो. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉसला जॉर्ज ग्रोव्हरने हा प्रकार प्रत्यक्षात आणला आणि पुढे अवकाशयानांत तो वापरला गेला. आज तो तुमच्या मांडीवर आहे. मोठ्या यंत्रांना आता एवढ्याने भागत नाही. पुण्यात आयसरमध्ये २०१९ मध्ये बसवलेल्या परम ब्रह्म या महासंगणकाला द्रवाने थेट थंड केलं जातं. लॅपटॉपला मात्र अजून पंखा आणि खोलीची हवा, एवढाच आधार.

आता आपलं गणित

"कोकणातली हवाच अशी" हे खरं का? पंख्याने उष्णता किती बाहेर जाईल, ते मुख्यतः चिप आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. चिपची मर्यादा १०० अंश धरू, बऱ्याच चिपची ती तेवढीच असते. खोलीत २५ अंश असतील तर फरक ७५. मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत ३८ असतील तर फरक ६२. म्हणजे उष्णता बाहेर टाकायची ताकद साधारण १७ टक्क्यांनी घटली. जानेवारीत जो लॅपटॉप ६० वॅट पेलायचा तो आता ५० वॅट पेलेल.

पण वेग १७ टक्के घटतो का? नाही. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाबरोबर आणि वेगाबरोबर वाढते, आणि वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावं लागतं. ढोबळमानाने वीज वेगाच्या घनाने वाढते असं धरा. मग १७ टक्के वीज कमी झाली तर वेग घटतो जेमतेम ६ टक्के.

आणखी टोकाचं उदाहरण घेऊ. २८ मार्च २०१७ रोजी आपल्या भिऱ्याला ४६.५ अंशांची नोंद झाली आणि गावाचं नाव देशभर गाजलं. तेवढ्या हवेत लॅपटॉप ठेवला तर? फरक उरतो ५३.५ अंश, आणि याच हिशेबाने वेग घटतो साधारण ११ टक्के.

याचा अर्थ असा की तुमचा लॅपटॉप निम्म्यावर आला असेल तर दोष एकट्या हवेचा नाही. हवा दहा टक्के घेईल, पन्नास घेणार नाही. उरलेलं दुसरं कुणीतरी खातंय, आणि बहुतेक वेळा ते दुरुस्त होण्यासारखं असतं.

दमटपणाचं काय? मडक्यातलं पाणी कोकणात हवं तसं गार होत नाही, विदर्भातला कूलर इथे निकामी ठरतो, कारण तिथे काम बाष्पीभवनाचं असतं. लॅपटॉपचा पंखा बाष्पीभवनावर चालत नाही. त्यामुळे दमट हवेने थंडावा कमी होतो असं नाही. दमटपणा दुसऱ्या वाटेने त्रास देतो. ओलसर धूळ पंख्याच्या तोंडाशी, तांब्याच्या पातळ पात्यांमध्ये गोधडीसारखी बसते आणि हवेची वाटच बंद होते.

चोर ओळखायचा कसा?

तापमान, वेग आणि वीज हे तीन आकडे एकत्र दाखवणारी मोफत साधनं आहेत, एचडब्ल्यूइन्फो हे त्यांतलं सर्वपरिचित. ते चालू ठेवून अर्धा तास नेहमीचं काम करा आणि बघा.

तापमान ९५-१०० ला टेकतंय आणि तेव्हाच वेग पडतोय, तर अडचण उष्णतेची आहे. धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट, थांबलेला पंखा, किंवा गादीवर ठेवलेला लॅपटॉप. गादी खालची जाळी झाकते, हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात जास्त आढळणारा गुन्हेगार.

तापमान ७०-७५ आणि तरी वेग कमी, तर मर्यादा विजेची आहे. कंपनीने आखलेली वॅटची मर्यादा, 'सायलेंट' मोड, किंवा चार्जर. दोनशे वॅटच्या मशीनला ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर लावला तर ते चार्ज होईल, पळणार नाही. बॅटरीवर गेम खेळताना तर वेग पडणारच.

मशीन गार आहे आणि वेग ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर खिळलाय, तर बहुधा दुसरा एखादा भाग प्रोसेसरला "तापलंय, थांब" असा खोटा निरोप देतोय. चार्जर ओळखला न जाणं, सेन्सर बिघडणं, अशी कारणं. इथे दुरुस्तीवाल्याकडे जा, पण हे आकडे कागदावर लिहून घेऊन जा.

आणि तिन्ही आकडे चांगले असतील तर ते थ्रॉटलिंगच नाही. रॅम, भरलेली डिस्क, मागे चालणारे प्रोग्राम तपासा.

कधी चूक सॉफ्टवेअरचीही असते. २०१८ च्या जुलैमध्ये आय९ चिपचा नवा मॅकबुक प्रो अपेक्षेपेक्षा खूप हळू चालतो असं एका यूट्यूबरने दाखवलं. तोच लॅपटॉप फ्रीजरमध्ये ठेवल्यावर त्याचं काम लवकर झालं! थोड्याच दिवसांत ॲपलने फर्मवेअरमधली चूक मान्य करून दुरुस्ती दिली. म्हणून बायोस अद्ययावत ठेवा. फ्रीजरचा प्रयोग मात्र इथे कुणी करू नका. आपल्या दमट हवेत गार मशीन बाहेर काढलं की आतबाहेर दव धरेल आणि खरोखरच मदरबोर्ड जाईल.

आपला गव्हर्नर आपल्या हाती

उपाय साधे आहेत. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, मशीन उघडून साफ करून घ्या, दोन-तीन वर्षांनी पेस्ट बदला. वॉरंटी चालू असेल तर आधी विचारून घ्या. लॅपटॉपची मागची कड इंचभर उचला, त्याला दोन पुस्तकंही पुरतात. खिडकीतलं ऊन मशीनवर येऊ देऊ नका.

आणि शेवटचा उपाय, जो आपल्या घनाच्या गणितातून येतो. वेग स्वतःहून १० टक्के कमी ठेवलात तर उष्णता साधारण २७ टक्क्यांनी उतरते. गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० किंवा ९० वर बांधा, टर्बो किंवा वॅटची मर्यादा थोडी खाली आणा. कमाल वेग जरा कमी होईल, पण मशीन तासन् तास एकसारखं चालेल. अडखळणं डोळ्यांना खुपतं, एकसारखा थोडा कमी वेग जाणवतही नाही. पूर्वी काही जण व्होल्टेज कमी करून हेच साधायचे. २०१९ च्या डिसेंबरमध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली फट उघड झाली, त्यानंतर बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती सोय बायोसमधून बंद झाली. वॅटची मर्यादा मात्र अनेक मशीनवर अजून हाती आहे.

राहिला तिसरा आरोप, "गेम खेळून बिघडवलास." पालकांना एवढंच सांगतो : गेम आणि रेंडर, दोन्ही प्रोसेसरच्या दृष्टीने कामच आहे. तापला की स्वतःला आवरणारं मशीन मुलाने बिघडवलेलं नसतं. आणि मुलांना सांगतो : घेताना खोक्यावरचा मोठा आकडा वाचून पैसे देऊ नका. अर्धा तास भार टाकल्यावर हे मशीन किती वॅट पेलतं, ते विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर त्या मॉडेलच्या चाचण्या शोधून वाचा, आणि मगच हप्ता बांधा.

प्रश्न असतील ते घेऊ.